कोण, कोणास, केव्हा म्हणाले?

एसटी स्टँडवर नेहमी दिसणारं दृश्य. मुलगा फलाटाकडून धावत येतो आणि आईला सांगतो, "आई, बस लागली!" आई पिशव्या उचलते आणि त्याच्यामागे निघते. तासाभराने, घाटातल्या चौथ्या-पाचव्या वळणावर, तोच मुलगा पांढऱ्याफटक चेहऱ्याने आईच्या कुशीत शिरत म्हणतो, "आई, बस लागली." या वेळी आई पिशवीतून लिंबू काढते आणि खिडकीची काच सरकवते.

शब्द तेच. त्यांचा क्रमही तोच. बोलणारा तोच, ऐकणारी तीच. तरी पहिल्या वेळी अर्थ होता 'गाडी फलाटावर उभी आहे' आणि दुसऱ्या वेळी 'मला मळमळतंय'. आईने ना शब्दकोश उघडला, ना मुलाला 'म्हणजे नक्की काय?' असं विचारलं. क्षणभरही न अडखळता ती दोन्ही वेळा योग्य त्या अर्थापाशी पोहोचली.

हे तिला कसं जमलं? माणसाच्या भाषेतलं एक फार मोठं कोडं या साध्या प्रश्नात दडलेलं आहे. आपल्याला वाटतं की शब्द म्हणजे फडताळातला डबा. वर चिठ्ठी, आत अर्थ. झाकण उघडलं की अर्थ हाती. शाळेत शब्दार्थ पाठ करताना हेच चित्र मनात ठसतं. पण रोजच्या बोलण्यातले शब्द असे वागत नाहीत. शब्दाच्या आत काहीतरी असतं हे खरं, पण त्याचा पुरा अर्थ ठरतो तो शेजारचे शब्द, जागा, वेळ, बोलणारा, ऐकणारा आणि त्या दोघांचं नातं यांच्या मेळातून. या मेळाला आपण संदर्भ म्हणतो.

एका शब्दाची किती घरं

'लागणे' हेच क्रियापद घ्या. भूक लागते, ठेच लागते, दार लागतं, नोकरी लागते, वेळ लागतो. झाडाला आंबे लागतात आणि विहिरीला पाणी लागतं. जिलेबी गोड लागते, बाळाला झोप लागते, निकाल लागतो, वेड लागतं. पुण्याहून साताऱ्याला जाताना वाटेत खंबाटकी घाट लागतो. 'तो तुझा कोण लागतो?' या प्रश्नात नातं आहे, तर 'ती बोलू लागली' यात फक्त सुरुवात आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याने 'औंदा लागण लवकर झाली' म्हटलं तर तो उसाबद्दल बोलतोय. तीच 'लागण' दवाखान्यात रोगाची होते आणि संध्याकाळी घरात दिव्यांची.

या सगळ्यांत समान धागा शोधायचा म्हटलं तर सापडतो: कशाचा तरी कशाशी संबंध येणं, स्पर्श होणं. पण हा धागा हाती धरून कुणी परका माणूस जिलेबीच्या गोडीपर्यंत किंवा खंबाटकी घाटापर्यंत पोहोचू शकणार नाही. शब्द फक्त दिशा दाखवतो. मुक्कामाला नेतो तो संदर्भच.

एका शब्दाला अनेक अर्थ येण्याच्या वाटाही वेगवेगळ्या असतात. 'पान' पाहा. झाडाचं पान, विड्याचं पान, जेवणाचं पान, पुस्तकाचं पान. हे सगळे एकाच कुळातले भाऊबंद आहेत. जेवण केळीच्या पानावर वाढत म्हणून ते पान. आज समोर स्टीलची ताटं असली तरी आपण 'पानं घेतली आहेत, चला' असंच म्हणतो. ग्रंथ ताडपत्रांवर आणि भूर्जपत्रांवर लिहीत, म्हणून पुस्तकालाही पानं आली. 'वर' या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. 'माळ्यावर' मधला 'वर' संस्कृत 'उपरि'पासून झिजत आला, तर नवरदेव या अर्थाचा 'वर' निवडणे या अर्थाच्या 'वृ' धातूपासून. दोन अनोळखी प्रवासी योगायोगाने एकाच नावाने एकाच गावात राहायला आले, एवढंच. पण गंमत अशी की ऐकणाऱ्याला या इतिहासाची काहीच गरज पडत नाही. 'वर आला' हे वाक्य मांडवाच्या दाराशी ऐकलं की आरतीचं तबक पुढे होतं, आणि जिन्यात ऐकलं की वरच्या मजल्याचं दार उघडतं.

भर्तृहरीच्या चौदा खुणा

हे कोडं आपल्याकडे फार पूर्वीच ओळखलं गेलं होतं. शास्त्रग्रंथांत एक जुनं उदाहरण येतं. 'सैंधव' म्हणजे सिंधू देशातलं मीठ आणि सिंधू देशातला घोडासुद्धा. मालक म्हणाला, सैंधव आण. तो जेवायला बसला असेल तर मीठ आणायचं, बाहेर निघाला असेल तर घोडा. ज्या नोकराला दोन्ही अर्थ ठाऊक आहेत पण प्रसंग कळत नाही, त्याचं भाषाज्ञान काय कामाचं?

इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या भर्तृहरीने 'वाक्यपदीय' या ग्रंथात या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी केली. अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ ठरवायला कोणत्या गोष्टी मदत करतात, याची चौदा खुणांची यादी तिथे येते आणि शेवटी 'आदी' म्हणून आणखी खुणांसाठी दारही उघडं ठेवलेलं आहे. पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त ही यादी घेतली आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांपर्यंत ती पोहोचली. ही यादी आजच्या मराठीला लावून पाहिली की तिची ताकद कळते.

पहिल्या दोन खुणा संयोग आणि विप्रयोग, म्हणजे सोबत असणं आणि सोबत नसणं. हरी या शब्दाला विष्णू, सिंह, माकड असे कितीतरी अर्थ. पण शंखचक्रासह हरी म्हटलं की तो विष्णूच. आपल्याकडे नारळाचं पाहा. शाल आणि नारळ दिला म्हणजे सत्कार झाला. शाल वगळून नुसताच नारळ दिला म्हणजे नोकरीवरून काढलं. नारळ एकच, सोबत सुटली की मान जाऊन अपमान आला.

विरोधिता ही आणखी एक खूण. शब्दाचा अर्थ त्याच्या विरुद्ध उभ्या असलेल्या शब्दावरूनही ठरतो. 'काळी' म्हटलं की नुसता रंग. पण गावाकडचं म्हातारं माणूस 'काळी आणि पांढरी' असं जोडीने म्हणतं, तेव्हा काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, वस्तीची जागा. एकीच्या शेजारी दुसरी उभी राहिली आणि दोघींनी रंग सोडून जमीन धारण केली.

मग प्रकरण, म्हणजे चाललेला विषय. एरवी 'माउली' म्हणजे आई. आषाढी वारीत 'माउली उद्या पुण्यात मुक्कामी' म्हटलं की ज्ञानेश्वरांची पालखी. आणि त्याच वारीत गर्दीत धक्का लागल्यावर 'माउली, जरा सरका' म्हटलं की समोरचा कोणीही वारकरी, स्त्री असो वा पुरुष.

देश, म्हणजे जागा. नदीकाठच्या घाटावर दहाव्याच्या दिवशी मंडळी पिंडाकडे नजर लावून बसलेली असतात आणि कुणीतरी हळूच म्हणतं, 'कावळा शिवला'. सगळ्यांच्या छातीवरचं ओझं उतरतं, गेलेल्या माणसाची इच्छा राहिली नाही असं मानून डोळे पुसले जातात. हेच दोन शब्द जुन्या घरांत बाईच्या मासिक पाळीसाठी वापरले जात, उघड बोलायची चोरी म्हणून. एका जागी सुटकेचा निःश्वास, दुसऱ्या जागी चार दिवसांचं बाजूला बसणं. ज्याला ती जागा आणि ते घर माहीत नाही, त्याला पक्ष्यापलीकडे काहीच दिसणार नाही.

काल, म्हणजे वेळ. 'निकाल लागला का?' हा प्रश्न दहावीच्या मुलाच्या घरी, मतमोजणीच्या दिवशी चौकात आणि वर्षानुवर्षं चाललेल्या दाव्यात कोर्टाच्या पायरीवर वेगवेगळा होतो. 'परवा' तर आणखी नवलाचा: तो मागेही जातो आणि पुढेही. 'परवा आलो' आणि 'परवा येतो' यांतलं क्रियापदच त्याला भूतकाळात किंवा भविष्यात नेऊन सोडतं.

व्यक्ती, म्हणजे शब्दाचं व्याकरणातलं लिंग. इथे मराठी फारच श्रीमंत आहे. 'खूप वेळ झाला' आणि 'निघायची वेळ झाली'; तो वेळ सरलेला, ती वेळ समोर ठाकलेली. तो पाठ शिकायचा, ती पाठ दुखणारी. ते खोड झाडाचं, ती खोड माणसाची. तो हार गळ्यात पडतो, ती हार पत्करावी लागते. माळावर मेंढ्या चरतात, माळेवर मणी ओवलेले असतात. क्रियापदाच्या किंवा सामान्यरूपाच्या शेवटी बसलेला एवढासा स्वर आख्खा अर्थ फिरवतो.

आणि शेवटी स्वर, म्हणजे उच्चारातला चढउतार. वेदांतल्या स्वरांबद्दल पतंजलीच्या 'महाभाष्या'त वृत्राची कथा सूचित केलेली आहे. इंद्राला मारणारा मुलगा हवा म्हणून यज्ञ केला, पण 'इंद्रशत्रू' शब्दाचा आघात चुकला आणि 'इंद्राला मारणारा' याऐवजी 'इंद्र ज्याला मारणारा आहे तो' असा अर्थ झाला. आपल्या बोलण्यातला 'बरं' आठवा. आजाऱ्याला विचारलेलं 'बरं?', गोष्ट ऐकताना मुलाने म्हटलेलं 'बरं, मग?', आणि वाद संपवताना आईने तोडून म्हटलेलं 'बरं.' हे तीन वेगळे शब्दच म्हणायला हवेत. 'जग' हा शब्द लिहिताना एकच. पण 'जल'मधला ज घेतला तर पाण्याचा जग, 'जमीन'मधला ज घेतला तर अवघं विश्व.

या यादीतली एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. यादीतले शब्दच संदर्भाने अर्थ बदलून बसलेले आहेत. तिथे 'लिंग' म्हणजे ओळखीची खूण, 'व्यक्ती' म्हणजे व्याकरणातलं लिंग, 'अर्थ' म्हणजे प्रयोजन. आजचा मराठी वाचक सवयीचे अर्थ धरून ती यादी वाचायला गेला तर चुकणार. आणि 'प्रकरण' तर बघायलाच नको. ग्रंथाचं प्रकरण वेगळं, बँकेत मंजूर होणारं कर्जप्रकरण वेगळं, आणि गल्लीत कुजबुजत बोललं जाणारं दोघांचं 'प्रकरण' वेगळं. संदर्भ सांगणारा शब्दसुद्धा संदर्भाशिवाय उभा राहत नाही.

आधी शब्द की आधी वाक्य?

खुणांच्या यादीपाठोपाठ एक खोल प्रश्न येतो. शब्दांना आपापले अर्थ असतात आणि ते जोडून वाक्याचा अर्थ बनतो, की वाक्याचा अर्थ आधी असतो आणि शब्दांचे अर्थ आपण त्यातून वेगळे काढतो? सातव्या शतकाच्या आसपास मीमांसकांमध्ये, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांमध्ये, यावर मोठा वाद झाला. कुमारिल भट्टाच्या मते शब्द आधी आपापला अर्थ सांगतात आणि मग त्या अर्थांची जोडणी होते. प्रभाकराच्या मते सुटा अर्थ असा कधी हाती लागतच नाही. शब्द बोलतो तो इतरांशी जोडलेल्या अवस्थेतच.

प्रभाकराच्या बाजूने एक सुंदर दाखला दिला जातो, लहान मूल भाषा कशी शिकतं याचा. मूल अंगणात बसलेलं असतं. एक मोठा माणूस दुसऱ्याला म्हणतो, 'गाय आण', आणि एक प्राणी आणला जातो. मग 'गाय बांध' म्हटल्यावर तोच प्राणी दाव्याला जातो. मग 'घोडा आण' म्हटल्यावर वेगळाच प्राणी येतो. कोणता आवाज राहिला आणि कोणता बदलला, त्याबरोबर समोरचं काय राहिलं आणि काय बदललं, हे पाहत पाहत मूल 'गाय', 'घोडा', 'आण', 'बांध' हे तुकडे वेगळे करतं. त्याला शब्दार्थांची यादी कुणी देत नाही. त्याला मिळतात ती पुरी वाक्यं, पुऱ्या प्रसंगांसकट. घरात लहान मूल असेल त्याने हे रोज पाहिलेलं असतं.

भर्तृहरी तर आणखी पुढे गेला. त्याच्या दृष्टीने वाक्य हेच अखंड, खरं एकक आहे. शब्द हे आपण अभ्यासाच्या सोयीसाठी पाडलेले तुकडे. चौदाशे वर्षांनंतर, १८८४ साली, जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यानेही गणिताच्या पायाचा शोध घेताना असाच नियम घालून घेतला होता, की शब्दाचा अर्थ एकट्या शब्दाला न विचारता वाक्याच्या संदर्भात विचारावा.

न बोललेलं ऐकणं

इथपर्यंत आपण शब्दाच्या अनेक अर्थांपैकी एक निवडण्याबद्दल बोललो. पण संदर्भाचं काम त्याहून मोठं आहे. शब्दात मुळीच नसलेला अर्थही तो आणून देतो.

भारतीय काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या: अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सांगणारी. लक्षणेचं ठरलेलं उदाहरण म्हणजे गंगेवरची गौळवाडी. नदीच्या पाण्यावर वाडी असणार नाही, म्हणून 'गंगेवर' म्हणजे गंगेच्या काठावर. योगायोग असा की नाशिककर आजही गोदावरीला गंगाच म्हणतात आणि 'गंगेवर जाऊन भाजी घेऊन आले' असं सहज बोलतात. त्या वाक्यात गंगा म्हणजे गोदावरी आणि गोदावरी म्हणजे तिचा काठ, अशा दोन उड्या आहेत, आणि ऐकणाऱ्याला एकही जाणवत नाही. रस्त्यावर उभं राहून आपण 'ए रिक्षा!' अशी हाक मारतो तेव्हा वळून पाहतो तो माणूस. खिडकीपाशी 'दोन दादर' म्हटलं की दोन तिकिटं हाती येतात.

व्यंजनेची गोष्ट आणखी नाजूक. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त सांगितलं की उत्तम काव्याचा प्राण शब्दांनी न सांगता सुचवलेल्या अर्थात असतो. मम्मटाने पुढे दाखवलं की 'सूर्य मावळला' या साध्या वाक्यातून ऐकणाऱ्यागणिक वेगळा आदेश निघतो: गुराख्याला गुरं घराकडे वळवायचा, मजुराला काम थांबवायचा, प्रेयसीला संकेतस्थळी निघायचा, धर्मनिष्ठाला संध्येला बसायचा. आपल्या घरांतलं 'तिन्हीसांजा झाल्या' हे वाक्य असंच. अंगणातल्या मुलाला ते 'खेळ पुरे' म्हणून ऐकू येतं, घरातल्या सुनेला 'देवापाशी दिवा लाव' म्हणून, आणि निघायला उठलेल्या पाहुण्याला 'आता कुठे जाताय, राहा आजची रात्र' म्हणून.

विसाव्या शतकात पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने हार्वर्ड विद्यापीठात १९६७ साली दिलेल्या व्याख्यानांत या सुचवण्याचा रोजच्या संभाषणातला हिशोब मांडला. 'पोळ्या झाल्या का?' या प्रश्नाला 'गॅस संपलाय' असं उत्तर आलं, तर शब्दांपुरतं ते उत्तरच नाही. पण समोरचा माणूस आपल्याशी सहकार्याने बोलतोय हे आपण गृहीत धरतो, म्हणून ते उत्तर कसं ठरेल याचा शोध घेतो, आणि 'नाही झाल्या' हा न उच्चारलेला अर्थ मिळवतो. संभाषण या परस्पर विश्वासावर चालतं.

त्याच्याही आधी, १९२३ साली, मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव्ह मालिनोव्स्की याने पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवरच्या अनुभवावरून एक गोष्ट ठासून सांगितली. तिथल्या दर्यावर्दी लोकांचं बोलणं शब्दाला शब्द ठेवून भाषांतरित केलं तरी कळत नाही. त्यांच्या होड्या, त्यांच्या स्पर्धा, त्यांचे रिवाज माहीत असावे लागतात. त्याच्या मते संदर्भ म्हणजे नुसते आसपासचे शब्द नव्हेत. समाजाचं सगळं जगणंच संदर्भ असतं.

मराठी घरं याला साक्ष आहेत. निरोप घेताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि दारातून बाहेर पडणाऱ्या पाठीकडे पाहत असूनही कुणाला विसंगती वाटत नाही. देवापुढचा नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणायचं, कारण फुटणं हा शब्द घरात उच्चारायचा नाही. एरवी 'वाढणे' म्हणजे मोठं होणं किंवा ताटात अन्न घालणं. पण अशुभाची भीती आणि आपल्या माणसांबद्दलची काळजी एकत्र आली, आणि त्यांनी त्या शब्दाला त्याच्या उलट टोकाचं काम दिलं.

समाज शब्दांच्या शेपटांतही बसलेला असतो. 'बाई आल्या नाहीत' म्हटलं की बहुतेकांना शाळेतल्या शिक्षिका आठवतात. 'बाई आली नाही' म्हटलं की धुणीभांडी करणारी. नाव तेच, फक्त क्रियापदातला आदर काढून घेतला आणि दुसरी स्त्री डोळ्यांसमोर उभी राहिली. हा संदर्भ कोणत्याही व्याकरणाने घातलेला नाही. तो आपण घातलेला आहे, आणि म्हणून तो बदलणंही आपल्याच हाती आहे.

मेंदूतलं क्षणभराचं नाट्य

हे सगळं डोक्यात नेमकं कसं घडतं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी याने १९७९ साली एक देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा आणि चोरून संभाषण ऐकायचं छुपं यंत्रसुद्धा. लोकांना कानाने एक मजकूर ऐकवला, ज्यात कोळी, झुरळं असे शब्द येऊन मग 'बग' येत होता, म्हणजे किडा हाच अर्थ अगदी उघड होता. तो शब्द कानावर पडताक्षणी समोरच्या पडद्यावर अक्षरं दाखवली आणि हा खरा शब्द आहे की नाही ते सांगायला लावलं. 'मुंगी' हा शब्द लोकांनी झटकन ओळखला, हे अपेक्षितच होतं. पण 'हेर' हा शब्दही तितक्याच झटकन ओळखला गेला! म्हणजे नको असलेला अर्थसुद्धा मनात जागा झाला होता. मात्र पडद्यावरचा शब्द जरा उशिरा, दोन-तीन अक्षरांचा उच्चार होईल एवढ्या अवकाशाने दाखवला, तर 'हेर' मावळलेला होता. फक्त 'मुंगी'चा अर्थ जागा होता.

स्टँडवरच्या त्या आईच्या मनातही 'बस लागली' ऐकताच दोन्ही अर्थ चमकून गेले असतील. संदर्भाने त्यांतला एक इतक्या चपळाईने विझवला की तिला तो लागला होता हे कळलंही नाही.

दुसऱ्याच वर्षी, १९८० साली, मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी डोक्यावर विद्युतअग्र लावून मेंदूतली हालचाल मोजली. पावाला लोणी लावण्याबद्दलच्या वाक्याच्या शेवटी लोण्याऐवजी अचानक 'मोजे' आले, तर तो शब्द दिसल्यापासून सुमारे ४०० मिलीसेकंदांनी मेंदूत एक ठरावीक विद्युतलहर उमटते, असं त्यांना आढळलं. तिला एन-४०० असं नाव मिळालं. शब्द संदर्भात जितका विसंगत, तितकी ही लहर मोठी.

आपल्या न्यायदर्शनात आणि मीमांसेत वाक्य होण्यासाठी आकांक्षा (शब्दांना एकमेकांची गरज), योग्यता (त्यांच्या अर्थांचा मेळ) आणि सन्निधी (त्यांची जवळीक) या तीन अटी सांगितल्या आहेत. 'योग्यता' समजावताना दिलं जाणारं उदाहरण असं की कुणी विस्तवाने झाडं शिंपतो असं म्हणालं, तर व्याकरण बिनचूक असूनही वाक्य बसत नाही, कारण शिंपण्याची योग्यता पाण्यात आहे, विस्तवात नाही. विस्तवाने शिंपणं आणि पावाला मोजे लावणं, दोन्ही ठिकाणी ठेच लागते ती एकाच जागी. पंडितांनी ती ठेच विचाराने ओळखली होती. प्रयोगशाळेने तिची वेळ मोजली.

यंत्राला सुपारी कशी समजावी?

संदर्भाची किंमत सर्वांत कठोरपणे कळली ती यंत्रांना भाषा शिकवू पाहणाऱ्यांना. यहोशुआ बार-हिलेल हे यंत्राने भाषांतर करण्याच्या संशोधनातले अगदी पहिल्या फळीतले अभ्यासक. १९६० साली त्यांनी एक छोटं इंग्रजी उदाहरण पुढे ठेवलं. मूल आपली खेळण्यांची पेटी शोधत होतं, आणि पेटी 'पेन'मध्ये सापडली. इंग्रजीत पेन म्हणजे लेखणी आणि तान्ह्या मुलांना खेळायला केलेलं छोटं कुंपणही. माणूस लगेच कुंपण हा अर्थ घेतो, कारण लेखणीत पेटी मावत नाही हे त्याला जगून माहीत असतं. बार-हिलेल यांचा प्रश्न होता की हे जगणं यंत्राला कुठून द्यायचं?

यातून पुढे जी वाट निघाली तिचं बीज जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाच्या विचारात होतं. १९१९ ते १९२८ या काळात ते लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि पुढे लंडनला गेले. १९५७ साली त्यांनी मांडलं की शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून. त्यांचं हे म्हणणं संगणकावर उतरवता येतं. एखाद्या शब्दाच्या आसपास कोणते शब्द वारंवार येतात हे अफाट मजकुरातून शिकून त्या शब्दासाठी काहीशे आकड्यांची एक ओळ तयार करता येते. २०१३ साली गूगलमधल्या संशोधकांनी हे झपाट्याने करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पण त्यात एका शब्दाला एकच ओळ मिळे.

आणि इथे आपली सुपारी आडवी येते. पूजेत गणपती म्हणून मांडलेली सुपारी. लग्न ठरल्यावर 'सुपारी फुटली' म्हणतात ती सुपारी. जत्रेसाठी तमाशाचा फड ठरवायला गावकारभारी नारायणगावच्या राहुट्यांमध्ये जातात आणि 'सुपारी' देतात, म्हणजे करार करतात. आणि वर्तमानपत्रात 'सुपारी दिली' असं छापून येतं तेव्हा कुणाच्या तरी जिवाचा सौदा झालेला असतो. देवाचं रूप, सोयरीक, कलावंताची रोजी आणि खून यांची सरासरी काढून एकच ओळ बनवली तर ती कोणत्याच सुपारीची राहत नाही. पुढे, विशेषतः २०१८ नंतर, अशी प्रारूपं रूढ झाली की ज्यांत शब्दाची ओळ दर वाक्यात नव्याने घडते. शेजारी 'फड' असेल तर वेगळी, 'मारेकरी' असेल तर वेगळी. यंत्रांची समज एकदम सुधारली ती इथे. शब्दाला कायमचा अर्थ चिकटवण्याचा हट्ट सोडल्यावर. भर्तृहरीच्या यादीतली शेजारच्या शब्दाची खूण आकड्यांच्या भाषेत पुन्हा सापडली.

संदर्भासह स्पष्टीकरण

शाळेत मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असे: कोण, कोणास, केव्हा म्हणाले ते लिहा. मोठ्या वर्गांत त्याचंच नाव संदर्भासह स्पष्टीकरण. आपण त्याची उत्तरं घोकली, गुण मिळवले आणि तो प्रश्न शाळेतच ठेवून बाहेर पडलो. खरं तर आयुष्यभर सोबत न्यायला हवा असा तोच एक प्रश्न होता.

आज वाक्यं आपल्यापर्यंत पोहोचतात ती बहुधा मुळापासून तुटून. तासाभराच्या भाषणातला वीस सेकंदांचा तुकडा फिरतो, जुन्या पत्रातली एक ओळ पुरावा म्हणून उभी केली जाते. फोनच्या पडद्यावर 'बरं' एवढंच उमटतं आणि त्याचा सूर कळत नाही म्हणून दोन जिवाभावाची माणसं रात्रभर तळमळतात. तोडलेलं वाक्य खोटं नसतं. शब्द न् शब्द तो माणूस बोललेला असतो. तरी त्याच्या तोंडी न घातलेला अर्थ त्याच्यावर लादला जातो. शेजारची शाल काढून घ्यायची आणि मग 'बघा, यांनी नारळ दिला' म्हणायचं, असा तो अन्याय असतो.

हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. भाषेची शीव ओलांडताना आपण सावध असतो, 'तुमच्याकडे याचा अर्थ काय?' असं विचारतो. तीच सावधगिरी आपल्या भाषेतही लागते, कारण प्रत्येक घराची, धंद्याची, पिढीची आपली एक शीव असते. शेतकऱ्याची लागण डॉक्टरला विचारावी लागते, आणि डॉक्टरची शेतकऱ्याला.

घाटातल्या त्या आईने मुलाचे शब्द ऐकले, पण त्याआधी त्याचा चेहरा पाहिला होता, वळणं मोजली होती, मागच्या प्रवासात काय झालं ते लक्षात ठेवलं होतं. तिला अर्थ लागला तो त्या लक्ष देण्यातून. कोण बोलतंय, कोणाशी, केव्हा, हे पाहायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ समोरच्याला देणं म्हणजेच त्याचं ऐकणं.